अश्वशक्ती वाढली, पण उष्णतेचे काय?

क्रीडा-मोटारींचा विषय निघाला की विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "तिची अश्वशक्ती किती?" प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. "तिच्या इंजिनातली उष्णता जाते कुठे?" हा प्रश्न त्याच्या जोडीने विचारला पाहिजे. किंबहुना, इंजिनाची शक्ती वाढवू पाहणाऱ्याने या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी शोधावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पेट्रोल जळून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण एक-तृतीयांशच कार्यात रूपांतरित होते. बाकीची धुराबरोबर आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यातून अगर हवेतून निघून जाते. धुराबरोबर वाया जाणारी ऊर्जा कामाला लावण्याच्या कल्पनेचे पेटंट आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली घेतले. तोच आजचा टर्बोचार्जर. त्यात एकाच दांड्याच्या दोन टोकांना दोन चक्रे असतात. तप्त धूर एक चक्र फिरवतो. दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरांत भरते. हवा अधिक, म्हणून ऑक्सिजन अधिक. म्हणून जास्त इंधन जाळता येते आणि शक्ती वाढते.

मग मोठा टर्बोचार्जर बसवला, दाब वाढवला की काम झाले, असे पुष्कळांना वाटते. पण सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. वायू दाबला की तो तापतो. तापला की त्याची घनता घटते. थोडे गणित करून पाहू.

बाहेरची हवा २७ अंश सेल्सिअस, म्हणजे ३०० केल्व्हिन आहे आणि हवा दाबणाऱ्या चक्राची कार्यक्षमता ७० टक्के आहे, असे धरू. दाब १.८ पट केला तर हवा सुमारे १०५ अंशांपर्यंत तापते. त्यामुळे तिची घनता १.८ पट न होता फक्त १.४३ पट होते. आता मोठा टर्बोचार्जर लावून दाब २.२ पट करू. तापमान सुमारे १३५ अंश होते आणि घनता १.६२ पट. याउलट दाब १.८ पटच ठेवला आणि दाबलेली हवा इंटरकूलरमधून, म्हणजे हवा थंड करणाऱ्या जाळीतून नेऊन ६० अंशांवर आणली, तर घनता किती होईल? तीही १.६२ पट! (जाळीतून जाताना दाब किंचित घटतो, तो येथे सोडून दिला आहे.)

हवा दोन्ही रीतींनी सारखीच मिळाली; पण पहिल्या रीतीत ती ७५ अंशांनी अधिक गरम आहे. अशा गरम हवेत इंधनाचे मिश्रण ज्वाला पोहोचण्याआधीच आपोआप भडकते, इंजिनात ठोके बसतात आणि दट्ट्याला भोकही पडू शकते.

पोर्शे ९११ टर्बो या जर्मन मोटारीचे उदाहरण बोलके आहे. १९७५ साली बाजारात आलेल्या या मोटारीचे इंजिन ३ लिटरचे आणि २६० अश्वशक्तीचे होते. १९७८ च्या नमुन्यात ते ३.३ लिटरचे झाले आणि मागच्या पंखाखाली इंटरकूलर बसला. शक्ती ३०० वर गेली. आकारमान १० टक्के वाढले, शक्ती मात्र १५ टक्के.

इंटरकूलर बसवला म्हणजे काम संपले, असेही नाही. जोरात चालवलेल्या इंजिनाच्या धुराच्या नळ्या लाल होतात. शेजारी रबरी नळ्या आणि विजेच्या तारा असतात. इंजिनाच्या कप्प्यातलीच ५७ अंशांची हवा आत ओढली गेली, तर घनता ९ टक्क्यांनी घटते. म्हणून हवा बाहेरून घ्यावी लागते, कोंडलेली गरम हवा बाहेर जाऊ द्यावी लागते आणि प्रारण अडवावे लागते. फेरारी एफ-४० (१९८७) या टर्बो-मोटारीच्या मागच्या पारदर्शक आच्छादनाला फटी ठेवल्या आहेत, त्या यासाठीच. मॅक्लारेन एफ-१ (१९९२) मध्ये टर्बो नाही, तरी तिच्या इंजिनाच्या कप्प्याला सोन्याचा पातळ वर्ख लावलेला आहे. सोने अवरक्त किरण उत्तम परावर्तित करते. वहन, अभिसरण आणि प्रारण हे पुस्तकातले तिन्ही प्रकार एकाच कप्प्यात हजर!

काहीजण म्हणतील, या साऱ्याने वजन आणि खर्च वाढतो. वाढतोच. पण जळलेल्या इंजिनाचा खर्च त्याहून मोठा असतो, आणि तापलेल्या कप्प्यात तेल गळले तर आग लागते.

आज टर्बोचार्जर आपल्याकडच्या साध्या मोटारींतही असतो. म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे की, वायूंचे नियम नुसते पाठ करून न घेता वरचे गणित वर्गात सोडवून घ्यावे. आणि विद्यार्थ्यांनी जाहिरातीतला अश्वशक्तीचा आकडा वाचला की लगेच विचारावे : हवा किती अंशांवर आत जाते, आणि उष्णता कोणत्या वाटेने बाहेर पडते? इंजिनाची खरी पारख या उत्तरांवरूनच होते.