गोंदणाचे मुद्रितशोधन

मराठी समीक्षेत 'गोंदण' हा शब्द फार स्वस्त झाला आहे. एखाद्या संग्रहाचे परीक्षण असो की पदव्युत्तर वर्गासाठी केलेले टिपण, स्मृतीचे गोंदण, काळाचे गोंदण, मातीचे गोंदण अशा पदावल्या इतक्या सहजपणे येतात की, या क्रियेत एक सुई असते, ती त्वचेत शिरते, रक्त येते आणि ती सुई दुसऱ्या कोणाच्या तरी हातात असते, हे वाचणाऱ्याच्या ध्यानातही येऊ नये. शांता शेळके यांनी आपल्या एका कवितासंग्रहाला 'गोंदण' हे नाव दिले तेव्हा कपाळावर ठिपका आणि मनगटावर तुळस असलेल्या बायका घरोघर होत्या. शब्दाला त्वचेचा आधार होता. पुढे शब्द समीक्षेकडे राहिला आणि प्रत्यक्ष गोंदण 'टॅटू' हे नाव घेऊन शहरातल्या काचेच्या दारांआड गेले. मग साहित्याच्या अध्यापकांनी मधे एक भिंत घातली. अलीकडे संस्कृती, पलीकडे फॅशन. ही भिंत आम्हांला मान्य नाही. तिच्यामुळे संस्कृतीचे रक्षण तर होत नाहीच, उलट ज्यांना अक्षरांविषयी काही कळते तेच लोक, जिथे त्यांची सर्वांत जास्त गरज आहे तिथून, दूर राहतात.

कारण आज गोंदवून घेणाऱ्या तरुणांपैकी पुष्कळांना चित्र नव्हे, शब्द हवा असतो. आईचे नाव, एखादी ओवी, संस्कृत सुभाषिताचा तुकडा, आवडत्या कवितेतील चार शब्द. अक्षर अंगावर कायमचे उतरवणे हे आमच्या मते प्रकाशनच आहे, तेही दुसरी आवृत्ती निघण्याची शक्यता जवळजवळ नसलेले. आणि हे प्रकाशन होते कसे? मोबाइलवरच्या कुठल्याशा अ‍ॅपमध्ये शब्द टंकित होतो, गिऱ्हाईक तो दहा सेकंद पाहते, आणि छपाई सुरू. पुस्तकाच्या पानावर ऱ्हस्व-दीर्घाची चूक सापडली की प्रकाशकाला चार पानी पत्र लिहिणारे आमचे विद्वान मित्र आपल्याच विद्यार्थ्याच्या दंडावरील चुकीला मात्र 'हल्लीच्या पिढीची थेरं' म्हणून हसतात. त्या विद्यार्थ्याने आधी येऊन विचारले असते तर यांनी सांगितले असते का? आम्हांला शंका आहे.

या बाबतीत जगप्रसिद्ध उदाहरण आहे ते डेव्हिड बेकहॅम या फुटबॉलपटूचे. २००० साली त्याने आपल्या पत्नीचे नाव डाव्या हातावर देवनागरीत गोंदवून घेतले: 'व्हिक्टोरिया'. वृत्तपत्रांनी त्याची यथेच्छ टिंगल केली; हिंदीत हे नाव 'विक्टोरिया' असे लिहितात, मधे एक 'ह' जास्तीचा शिरला आहे, कोट्यधीशाला साधे स्पेलिंग तपासता आले नाही, इत्यादी. आता मराठी वाचकाने हे अक्षर पुन्हा एकदा पाहावे. व्हिक्टोरिया टर्मिनस, व्हिक्टोरिया गाडी, व्हिक्टोरिया राणी. मराठीत हे नाव असेच लिहितात. इंग्रजी 'व्ही'साठी 'व्ह' योजण्याची आपली प्रथा मुरलेली आहे. म्हणजे जगभर 'चुकलेले' म्हणून गाजलेले ते गोंदण मराठीच्या दृष्टीने शुद्ध होते. ही केवळ गंमत नाही. देवनागरी ही लिपी आहे, भाषा नव्हे. आणि 'हे बरोबर आहे का?' या प्रश्नाला 'कोणत्या भाषेत?' हा प्रतिप्रश्न केल्याशिवाय उत्तरच नसते. हा प्रतिप्रश्न करायला सुईवाला कलावंत बांधील नाही. भाषेचा पगार घेणारे आपण आहोत.

संगणकावरची देवनागरी ही आणखी वेगळी खोड. चित्रांसाठी बनवलेल्या अनेक आज्ञावल्यांना आपली जोडाक्षरे जुळवताच येत नाहीत. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे जाण्याऐवजी उजवीकडे पडते, आणि 'शिव' या अत्यंत लोकप्रिय शब्दाचा 'शवि' होतो. अर्थाच्या दृष्टीने तो कोणत्या दिशेला निघतो हे सांगायला नको. 'शक्ती'मधला 'क' पाय मोडून एकटा उभा राहतो. खास मराठी अडचण 'ऱ्य'ची. डोंगरदऱ्यांच्या वेडापायी 'दऱ्या' गोंदवायला गेलेल्याच्या हातावर 'दर्या' खवळू शकतो. आणि गुरूंचे ऋण मानणाऱ्या शिष्याने 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' ही व्याकरणाच्या तासाला हमखास येणारी जोडी विसरू नये. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे वेगळी आहेत आणि महाराष्ट्र शासनाने २००९ साली ती प्रमाण म्हणून ठरवूनही दिली. तरी पुष्कळ फाँटांत आपसूक येतात ती हिंदी वळणे. कोणाला ती चालतील, आमची हरकत नाही. पण निवड माणसाने करावी, फाँटाने नव्हे.

शुद्धलेखनाचा आग्रहही इथे डोळे मिटून धरता येत नाही, हे आमच्या नियमनिष्ठ मित्रांनी ऐकून घ्यावे. १९६२ साली शासनमान्य झालेल्या नियमांप्रमाणे मराठीत 'शांती'चा अन्त्य इकार दीर्घ. पण एखाद्या मुलीला आजीचे नाव हवे असेल आणि आजी जन्मभर 'शांति' अशी सही करत आली असेल, तर तो इकार ऱ्हस्वच ठेवला पाहिजे. हस्तलिखिताचे संपादन करताना लेखकाचे वळण जपायचे की नाही, यावर आपण परिसंवाद घेतो. तोच प्रश्न इथे जिवंत कातडीवर उभा आहे, एवढेच.

मात्र, अक्षर निर्दोष आहे म्हणून गोंदण चांगले ठरत नाही. कोण कोणाच्या अंगावर काय लिहितो, हा प्रश्न त्याहून जुना आणि जास्त रक्ताळलेला आहे, आणि गोंदणाच्या लोपाबद्दल उसासे टाकणारे आमचे लोकसंस्कृतिप्रेमी इथे हमखास गप्प होतात. आजीच्या हनुवटीवरील तीन ठिपक्यांवर हळवे ललित लिहिताना, त्या वेळी ती किती वर्षांची होती आणि तिचे हात कोणी धरले होते, हे विचारायचे राहून जाते. अनेकींना ती नक्षी प्रिय होती, मेल्यावर सोबत येणारा तेवढाच दागिना असे त्या मानत, हेही खरे. परंतु प्रिय असणे आणि विचारले जाणे या दोन गोष्टी आहेत. ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यात जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदला जाई. १८४९ साली कायद्याने ही शिक्षा बंद झाली. कायद्याने बंद झालेल्या गोष्टी कपाळावरून किती दिवसांनी पुसल्या जातात? डिसेंबर १९९३ मध्ये अमृतसरला पोलिसांनी चार स्त्रियांच्या कपाळावर 'जेबकतरी' म्हणजे खिसेकापू हा शब्द गोंदवला. त्या प्रकरणात सीबीआय न्यायालयाने पोलीस अधिकाऱ्यांना दोषी ठरवले ते २०१६ साली. 'दीवार' (१९७५) या चित्रपटातील मुलाच्या हातावर जमाव बापाला चोर ठरवणारे वाक्य गोंदवतो तेव्हा आपण ते पटकथाकारांचे कौशल्य म्हणून शिकवतो. ती कल्पना हवेतून आलेली नव्हती.

याच्या नेमके उलटे टोक म्हणजे छत्तीसगडमधील रामनामी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, मंदिराची दारे बंद असलेल्या या दलित समाजाने रामाचे नाव स्वतःच्याच देहावर लिहायला सुरुवात केली. हातापायांवर, छातीवर, काहींनी चेहऱ्यावर, डोक्यावर. मूर्ती नाही, पुजारी नाही, देऊळ नाही, देहच संहिता. जे नाव उच्चारण्याच्या अधिकारावरून भांडण होते, ते पुसताच येऊ नये अशा जागी त्यांनी नेऊन ठेवले. विद्रोही साहित्याच्या आपल्या अभ्यासक्रमांत या संहितेला जागा का नसावी, हे आम्हांला कळत नाही. नव्या पिढीतील रामनामी सर्वांगावर गोंदवून घेत नाहीत. शहरात, नोकरीत ते अंग आडवे येते. त्यांच्या या नकारालाही तितकाच मान दिला पाहिजे. परंपरा टिकवण्याची जबाबदारी दुसऱ्याच्या कातडीवर सोपवणे ही आम्हां पांढरपेशांची जुनी सवय आहे.

म्हणून स्टुडिओतल्या नमुन्यांच्या वहीत 'ट्रायबल' असा मथळा दिसला की पहिला प्रश्न 'कुठल्या जमातीचे?' हा असावा. उत्तर आले नाही, तर ती नक्षी बहुधा पॅसिफिक बेटांपासून बोर्निओपर्यंत कुठून कुठून उचललेल्या रेघांची भेळ असते. मध्य प्रदेशातील बैगा स्त्रियांच्या अंगावरची नक्षी कुणाला हवी असेल तर त्याने इतके तरी जाणून घ्यावे की ती गोंदणाऱ्या स्त्रिया बैगा नसतात, बादी समाजाच्या असतात. म्हणजे ऋण दुहेरी आहे. वारलीचेही तसेच. या चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, आणि वारली चित्रकार आज आपल्यात आहेत, त्यांच्याकडून रेखाटन करून घेता येते, त्याचे पैसे देता येतात. तारप्याभोवतीचा नाच एखाद्याने हातावर घेतला तर आम्ही कपाळाला आठी घालणार नाही. परंतु लग्नात सुवासिनींनी काढायचा पालघाट देवीचा चौक पोटरीवर शोभा म्हणून काढणे, हे आम्हांला अनुचित वाटते. सीमा कुठे आखायची यावर मतभेद होतील. सीमाच नाही असे म्हणणाऱ्यांशी मात्र आमचे भांडण आहे.

आता त्वचेविषयी. इथे आमच्या वर्तुळात एक घातक भाबडेपणा आढळतो: जुने गोंदण 'नैसर्गिक', आजचे टॅटू 'रासायनिक'. जत्रेत एकाच सुयांच्या जुडग्याने, एकाच वाटीतल्या काजळीने ओळीने दहा मुली गोंदल्या जात. त्यात नैसर्गिक एवढेच की जंतूंनाही निसर्गाचेच राज्य मिळे. 'ब' प्रकारच्या काविळीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या डागातही, निदान सात दिवस तग धरतो. सुई ज्योतीवर धरणे, स्पिरिटने पुसणे, पाण्यात उकळणे यांवर विसंबून चालत नाही. जी साधने पुन्हा वापरायची ती ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालच्या वाफेत, १२१ अंश सेल्सिअसला निदान पंधरा मिनिटे राहिली पाहिजेत. आणि सुई तर एकदाच वापरायची, आपल्या डोळ्यांदेखत पाकीट फोडून. शाई छोट्या टोपणात ओतून घ्यायची, उरलेली बाटलीत परत जाता कामा नये. हातमोजे घातलेल्या हाताने कलावंताने फोन उचलला तर मोजे बदलायला सांगावे. हे सांगताना संकोच वाटतो, हे आम्ही जाणतो. पण संकोचाने कावीळ टळत नाही. शाईचे नाव, उत्पादक, बाटलीवरची मुदत विचारावी. युरोपीय संघाने २०२२च्या जानेवारीपासून टॅटूच्या शाईतील हजारो रसायनांवर निर्बंध घातले, ते उगीच नव्हे. ॲलर्जीचा त्रास लाल रंगाने विशेष होतो. ज्यांच्या जखमेचा व्रण फुगतो त्यांनी आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे, आणि तिळावर कोणीच गोंदवू नये. रक्तदान करणाऱ्यांनी पुढचे बारा महिने थांबायचे असते, आणि सैन्यभरतीचा विचार असणाऱ्याने शरीराच्या कोणत्या भागावर गोंदण चालते याचे नियम आधी वाचावेत.

त्वचेतली शाई राहते कशी, हे तर साहित्याच्या विद्यार्थ्याला आवडावे असे आहे. ती त्वचेच्या दुसऱ्या थरात, एक-दोन मिलिमीटर खोल जाते. तिथल्या संरक्षक पेशी ती गिळून बसतात. पेशी मरते, शाई सुटते, शेजारची दुसरी पेशी ती उचलते. फ्रेंच संशोधकांनी २०१८ साली उंदरांवरील प्रयोगांतून हे दाखवून दिले. म्हणजे महानुभावांच्या मठांतून पोथ्यांच्या नकला पिढ्यान्‌पिढ्या होत राहिल्या तसेच हे. आणि नकलाकारांच्या हातून होते तेच इथेही होते: रेघा हळूहळू फुगतात, पसरतात. देवनागरीत याचा परिणाम थेट अर्थावर. 'ब'च्या पोटातली तिरकी रेघ बुजली की 'व' उरतो. 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध' यांच्यातला फरक म्हणजे एक लहानशी गाठ किंवा फट. मनगटावर मुंगीएवढ्या अक्षरांत अख्खी ओवी मावते खरी, दहा वर्षांनी ती पाठभेदांसह वाचावी लागेल. अक्षर मोठे, पोकळी मोकळी, शब्द थोडे. आणि कलावंताकडे ताज्या कामाची नव्हे, चार-पाच वर्षे मुरलेल्या कामाची छायाचित्रे मागावीत, शक्यतो देवनागरीतल्या कामाची. असा कलावंत महाग असेल. त्याच्याशी भाजीबाजारासारखी घासाघीस करू नये. तो आपल्या वेळेचे, निर्जंतुक साधनांचे आणि शांत हाताचे पैसे मागतो आहे.

सुई लावण्यापूर्वी मजकुराचा ठसा स्टेन्सिलने त्वचेवर उमटवतात. ओल्या फडक्याने तो पुसता येतो; मुद्रितशोधनाची ही अखेरची संधी. तो आरशात वाचू नये, तिथे अक्षरे उलटी दिसतात आणि मन स्वतःच दुरुस्त्या करून घेते. छायाचित्र काढून अशा माणसाला पाठवावे, ज्याला मूळ मजकूर ठाऊक नाही, आणि त्याला तो मोठ्याने वाचायला लावावे. मराठीच्या अध्यापकाच्या फोनवर रविवारी दुपारी असे छायाचित्र आले, तर त्याने जेवण बाजूला ठेवून ते वाचावे.