टॉमी डग्लस यांचे श्रेय

कॅनडातल्या सार्वजनिक आरोग्यसेवेचे जनक म्हणून टॉमी डग्लस यांचे नाव घेतले की एक आक्षेप हमखास येतो. सस्कॅचवन प्रांतात १ जुलै १९६२ रोजी डॉक्टरी उपचारांचा सरकारी विमा लागू झाला, तेव्हा मुख्यमंत्री वुड्रो लॉइड होते. देशभराचा कायदा १९६६ मध्ये पंतप्रधान पिअर्सन यांच्या सरकारने केला. मग श्रेय डग्लस यांना कशाला?

तारखा बरोबर आहेत, निष्कर्ष चुकीचा आहे. १९४४ मध्ये सस्कॅचवनची सत्ता हाती आल्यावर डग्लस यांनी आरोग्य खाते स्वतःकडे ठेवले. १९४७ पासून माणशी वर्षाला पाच डॉलर, कुटुंबाला फार तर तीस, एवढ्या वर्गणीत इस्पितळाचा खर्च सरकारने उचलला. डॉक्टरांच्या फीचा प्रश्न मात्र त्यांनी खजिना सावरेपर्यंत थांबवून धरला आणि १९६० ची निवडणूक त्याच मुद्द्यावर लढवून जिंकली. त्यांच्यानंतर मुख्यमंत्री झालेल्या लॉइड यांचे धैर्य मोठेच. डॉक्टरांच्या २३ दिवसांच्या संपापुढे ते झुकले नाहीत. पण जनतेचा कौल डग्लस यांनी मिळवला होता. त्याची किंमतही त्यांनीच मोजली: जून १९६२ मध्ये सस्कॅचवनमधल्याच रेजायनात ते देशाच्या लोकसभेला पडले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. १९३३ च्या एम.ए. प्रबंधात त्यांनी 'अयोग्य' ठरवलेल्या माणसांच्या नसबंदीची शिफारस केली होती. ती अमानुष होती आणि तिचे समर्थन कोणी करू नये. मात्र हाती सत्ता आल्यावर, मानसिक आरोग्यसेवेच्या पाहणी अहवालांनी नसबंदी सुचवली तेव्हा ती त्यांनी फेटाळली. शेजारच्या अल्बर्टात तसा कायदा १९७२ पर्यंत चालू होता. राज्यकर्त्याची पारख त्याच्या निर्णयांवरूनच व्हायला हवी.

सरकारी आरोग्यसेवेच्या निर्णयांमागे डग्लस यांचा एक जुना अनुभव होता. लहानपणी विनिपेगमध्ये हाडाच्या विकाराने त्यांचा पाय कापण्याची वेळ आली. घरी पैसे नव्हते. एका शल्यविशारदाने विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया पाहू देण्याच्या अटीवर फुकट उपचार केले आणि पाय वाचला. पोराचा पाय वाचणे डॉक्टरच्या मर्जीवर अवलंबून असू नये, हे डग्लस आयुष्यभर सांगत राहिले. कायद्यांवर सह्या कोणाच्याही असोत, कॅनडाच्या आरोग्यसेवेचे पहिले श्रेय त्यांचेच आहे.