दुकान सावरायचे, पण सुरुवात कुठून?

शिंदखेड्याहून एका भगिनीचे पत्र आले आहे. घरचे दुकान मिक्सर, पंखे, इस्त्र्या आणि टीव्हीचे. गिऱ्हाईक येते, मिक्सर हाताळून पाहते, भाव विचारते, ‘घरी विचारून येतो’ म्हणते आणि तोच मिक्सर मोबाईलवरून मागवते. धाकट्या दिरांचे म्हणणे असे की, दुकानाला काचेचा दर्शनी भाग करू, दिव्यांची रोषणाई करू, आणि वीस वर्षांच्या जुन्या नोकराला रजा देऊन शिकलेला मुलगा ठेवू. त्यासाठी कर्ज, आणि कर्जासाठी वहिनींच्या पाटल्या! ‘मी बोलू की गप्प बसू?’ असे त्या विचारतात.

ताई, जरूर बोला. पाटल्या तुमच्या आहेत म्हणून तर बोलाच. पण दुसरेही कारण आहे. बुडत्या दुकानाचे दुखणे काउंटरवरच्या माणसाला बहुधा आधी कळलेले असते, आणि त्यालाच कुणी विचारलेले नसते.

तुमच्या दुकानाची थोरली बहीण म्हणावी अशी एक कंपनी अमेरिकेत आहे, बेस्ट बाय. टीव्ही, संगणक, फ्रीज विकणारी शेकडो दुकाने. तिचेही दुखणे हेच होते बरं का! लोक दुकानात वस्तू पाहायचे आणि अॅमेझॉनवरून मागवायचे. २०१२ साली कंपनी शंभर कोटी डॉलरहून अधिक तोट्यात गेली आणि ‘ही आता बुडणार’ असे जाणकार बोलू लागले. त्याच वर्षी सप्टेंबरात यूबेर जोली नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी सूत्रे हाती घेतली. त्यांना दुकानदारीचा काडीचा अनुभव नव्हता. आधी ते हॉटेल आणि प्रवास व्यवसायातल्या कंपनीत होते.

मग त्यांनी काय केले? पहिले काही दिवस मिनेसोटा राज्यातल्या सेंट क्लाउड गावच्या दुकानात जाऊन राबले. अंगात विक्रेत्यांसारखाच निळा शर्ट, आणि छातीवर ‘शिकाऊ मुख्याधिकारी’ अशा अर्थाची पट्टी! विक्रेत्यांना विचारले, काय चालते, काय अडते, तुम्हाला काय हवे? उत्तरे त्यांच्यापाशी तयारच होती. नोकरांना मालावर मिळणारी सूट आधीच्या वरिष्ठांनी कमी केली होती, ती सल सगळ्यांच्या मनात होती. जोलींनी ती सूट पूर्ववत केली. गिऱ्हाइकाने अॅमेझॉनचा कमी भाव दाखवला तर तोच भाव द्यायचा, असे ठरवले. सॅमसंग, मायक्रोसॉफ्ट यांना दुकानातच जागा दिली आणि तिच्या मांडणीसाठी त्या कंपन्यांनाही पैसा घालायला लावला. खर्च कमी करताना आधी फुटतूट, नासधूस शोधली. माणसे मुळीच कमी केली नाहीत असे नाही. पण तो उपाय शेवटचा, हे धोरण ठेवले. २०१९ मध्ये त्यांनी मुख्याधिकारीपद सोडले तेव्हा कंपनी नफ्यात होती, आणि त्या खुर्चीवर कॉरी बॅरी ही वीस वर्षे तिथेच काम केलेली बाई बसली.

आता उलटे उदाहरण पाहा. जे. सी. पेनी हे तिथले जुने, घरगुती गिऱ्हाइकांचे दुकान. तिथे २०११ मध्ये अॅपलची झगमगीत दुकाने उभारणारे रॉन जॉन्सन आले. बायका सवलतीची कुपने जपून ठेवत आणि सेलची वाट पाहत. साहेबांनी दोन्ही एकदम बंद केली! आधी दोन-चार दुकानांत करून पाहू, असेही नाही. वर्षभरात विक्री जवळजवळ पाव हिश्श्याने घसरली आणि एप्रिल २०१३ मध्ये त्यांना जावे लागले. त्यांना गिऱ्हाइकाची सवय समजलीच नव्हती.

आपल्याकडचे डी-मार्टवाले राधाकिशन दमाणी बाजारातले मुरलेले गुंतवणूकदार. पण त्यांनीही आधी नेरूळला ‘अपना बाजार’ची शाखा फ्रँचाइझीने चालवून पाहिली. ती पद्धत पटली नाही, तेव्हा २००२ मध्ये पवईला स्वतःचे पहिले दुकान काढले.

तेव्हा ताई, पाटल्या कपाटातून काढण्याआधी एक महिना मागून घ्या. घरच्यांनी आणि दिरांनी रोज तासभर गल्ला सोडून काउंटरवर उभे राहावे. कोण काय पाहून परत गेले, का गेले, ते वहीत टिपावे. लिहिण्याचे काम तुम्ही घ्या. बायकांच्या तोंडून खरे कारण तुम्हालाच आधी कळेल.

जुन्या नोकराला घरी चहाला बोलवा आणि विचारा, ‘तुमच्या हातात दुकान असते तर तुम्ही काय केले असते?’ आजूबाजूच्या खेड्यांतून आलेल्या माणसाशी तो अहिराणीत दोन शब्द बोलतो, संध्याकाळी पंखा बसवून देतो, बिघडला तर धावून जातो. हे काम मोबाईल करील का? मग तेच दुकानाच्या पाटीवर ठळक लिहा.

सगळ्या मालाचा भाव मोबाईलशी जुळणार नाही, ते खरे आहे. पण जास्त खपणाऱ्या पाच-सहा वस्तूंचा भाव वितरकाशी बोलून जुळवता येतो का, ते बघा. दर्शनी फलक आणि मांडणीचा खर्च कंपनी उचलते का, हेही त्यालाच विचारा. पडून राहिलेला माल आणि थकलेली उधारी यांची यादी करा. कर्जाआधी हे पैसे मोकळे व्हायला हवेत, नाही का?

आणि घरात बोलताना ‘तुमचं चुकलं’ म्हणू नका. ‘काय अडतंय ते आपण मिळून पाहू’ म्हणा. भाऊजींचा उत्साहही मारू नका. काच बसवायचीच असेल तर आधी एका खिडकीला बसवा आणि गिऱ्हाईक वाढते का पाहा.

एवढे करूनही दुकान सावरेलच, अशी खात्री मी देणार नाही. पण महिनाभराने वही पुढ्यात घेऊन सगळे बसाल, तेव्हा कर्ज कशासाठी आणि किती, हे तरी नेमके कळेल. तोवर पाटल्या हातातच असू द्या.