अ‍ॅडजस्ट झालीस का गं?

मंडळी, या वीकांताला जरा भांडायचा मूड आहे.

कोडिंग करणाऱ्या मुलीने अठ्ठाविसाव्या वर्षी (गावाच्या हिशेबाने फारच उशिरा!) निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराशी लग्न केलं, की जगाकडे तिच्यासाठी एकच प्रश्न उरतो. "अ‍ॅडजस्ट झालीस का गं?" म्हणजे शेणाचा वास, रात्रीची लाइट, चुलत सासवा वगैरे.

झाले की! माणूस कशालाही सरावतो. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी हे माझे आता दोन रिलीज. मोटारीला थ्री फेज रात्री असेल तर नवरा रात्री उठतो. प्रॉडक्शन सपोर्ट केलेल्यांना यात नवीन काहीच नाही. अवकाळी पाऊस झाला की डावणीच्या भीतीने घरात कोणी धड जेवत नाही, हेही अंगवळणी पडलं.

पण "अ‍ॅडजस्ट" हा शब्द नेहमी सुनेच्याच वाट्याला का? सातबारा कधी अ‍ॅडजस्ट होणार?

आमच्या आई (सासूबाई) गेली पस्तीस वर्षं या रानात राबतायत. घडांची विरळणी त्यांच्याइतकी कोणाला जमत नाही. पण सातबाऱ्यावर त्यांचं नाव नाही. पीक कर्ज, पीक विमा, २०१९ पासूनचे पीएम-किसानचे वर्षाला सहा हजार, सगळं खातेदाराच्या नावाने. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलींना मुलांइतका हक्क मिळाला, चांगलंच झालं. पण नवरा हयात असताना सुनेचं नाव आपोआप लागत नाही. म्हणजे माहेरच्या ज्या जमिनीत ती राबत नाही तिथे हक्क, आणि जिथे राबते तिथे ती नुसती "घरची बाई".

हे मी शहरातून आणलेलं खूळ नाही बरं का. १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं ते इथेच, शेजारच्या चांदवडला. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती काढली: बायकोच्या नावावर जमीन करून तिच्या कष्टांचं ऋण फेडा. शेकडो गावांतल्या शेतकऱ्यांनी ते केलंही. ही माणसं काय लंडनहून आली होती?

यावर ठरलेलं उत्तर येतं, "संसारात एवढा हिशेब कशाला?" वा! पुण्यात फ्लॅट घेताना करारनाम्यावर दोघांची नावं घालतो, तेव्हा कोणाचा संसार हिशेबी होत नाही. शेतीतच का होतो?

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू मुलांनी बाशिंग बांधून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला. मुली मिळत नाहीत म्हणून. गर्भलिंगनिदान कायदा कडक राबवा ही त्यांची मागणी रास्तच होती. पण मुली शेतकऱ्याला नाही म्हणतात त्या काय फक्त शेणाला घाबरून? आईचं आयुष्य त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. राबायचं सगळं, मालकी शून्य. असली ऑफर तुम्ही तरी अ‍ॅक्सेप्ट कराल का?

थोडक्यात काय, मुलाला स्थळ बघताय? बायोडेटात "बागायती दहा एकर" लिहिता ना, त्याखाली एक ओळ वाढवा: "लग्नानंतर सुनेचं नाव सातबाऱ्यावर लावू." त्यात आधी तिच्या सासूचंही लावा.

मग विचारा, अ‍ॅडजस्ट होशील का म्हणून.