विश्लेषण : रंगमंचावर हत्ती, पण खरा नव्हे! महाकाय बाहुलीचे नाटक कोल्हापूरला जमेल का?

कोल्हापूर जिल्ह्यातून अकरा वर्षांत दोन हत्ती गेले. जोतिबा देवस्थानचा 'सुंदर' सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलेल्या वादानंतर २०१४ मध्ये बंगळुरूजवळच्या बन्नेरघट्ट्यात हलवला गेला. नांदणीच्या जैन मठातील 'महादेवी' ऊर्फ माधुरी हत्तीण जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जामनगरच्या 'वनतारा'त गेली. तिला परत आणा म्हणून ऑगस्टमध्ये हजारो लोक नांदणीहून कोल्हापूरपर्यंत मूक मोर्चाने चालत आले. वाद मठ-मंदिरांच्या हत्तींचा असला, तरी तोच प्रश्न नाटकवाल्यांसमोरही आहे. ऐतिहासिक महानाट्यात हत्ती हवाच असतो. तो आणायचा कुठून?

खऱ्या हत्तीवर बंदी आहे का?

सरसकट नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा. त्याखाली अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह आणि बैल यांना खेळ-करमणुकीत वापरण्यास मनाई आहे. त्या यादीत हत्ती नाही. मात्र प्रयोगात वापरल्या जाणाऱ्या प्राण्याची नोंदणी लागते, आणि हत्ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने मालकीचा दाखला, वाहतुकीची परवानगी हे सगळे आलेच. बाबासाहेब पुरंदरे यांचे 'जाणता राजा' १९८५ मध्ये आले तेव्हा हत्ती, घोडे, उंट हेच त्याचे मोठे आकर्षण होते. आज नव्या निर्मात्याने तसे करायचे म्हटले तर तालमीआधी कागदपत्रांच्या फेऱ्या सुरू होतील. शिवाय दिवे, कर्णे, फटाके आणि हजारोंची गर्दी यांत जनावर बिथरले तर काय, याचे उत्तर कोणत्याच परवान्यात नसते.

जगाने काय केले?

'द लायन किंग' हे संगीत नाटक १९९७ मध्ये ब्रॉडवेवर आले. त्याच्या पहिल्याच गाण्यात प्रेक्षकांच्या मधल्या वाटेने एक हत्तीण डुलत येते. ती चार माणसे चालवतात आणि ही माणसे लपवण्याचा आटापिटा दिग्दर्शिका ज्युली टेमर यांनी केला नाही.

दहा वर्षांनी लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये 'वॉर हॉर्स'मधला जोई हा घोडा आला. केपटाऊनच्या हँडस्प्रिंग पपेट कंपनीने तो वेत, ॲल्युमिनियम आणि जाळीदार कापडातून बनवला. त्याला तीन माणसे लागतात. एक डोके सांभाळतो, दुसरा छाती आणि पुढचे पाय, तिसरा मागचा भाग. फुरफुरणे, खिंकाळणेही तिघे मिळूनच करतात. पाठीवर स्वार बसतो, त्याचे वजनही सांगाडा पेलतो. पण घोडा जिवंत वाटतो तो श्वासामुळे. तो नुसता उभा असतानाही आतली माणसे एका लयीत किंचित वर-खाली होतात आणि छाती हलते. हे थांबले की समोर वेताचा ढाचा उरतो.

'लाइफ ऑफ पाय'चा वाघ २०२४ च्या डिसेंबरमध्ये मुंबईत येऊन गेला, तेव्हा अनेकांनी हे प्रत्यक्ष पाहिले असेल. त्या वाघाला चालवणाऱ्या सात जणांना २०२२ मध्ये लंडनचा ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला. तोही तांत्रिक गटात नाही, सहायक अभिनेत्याचा!

उलट उदाहरण 'किंग काँग'चे. २०१८ मध्ये ब्रॉडवेवर आलेला हा वानर वीस फूट उंच, वजन जवळपास ९०० किलो. दहा जण रंगमंचावरून दोर ओढत, तर चेहऱ्याचे हावभाव प्रेक्षागृहाच्या मागून यंत्राद्वारे. खर्च सुमारे साडेतीन कोटी डॉलर. बाहुलीच्या कर्त्यांना विशेष टोनी पुरस्कार मिळाला, पण कथा आणि गाणी पडली आणि वर्षभराच्या आतच प्रयोग बंद झाले. जनावर कितीही मोठे आणले, तरी तिकीट नाटकालाच असते.

यांत्रिक हत्ती का नको?

केरळमधील इरिंजाडप्पिल्ली मंदिराने २०२३ मध्ये सुमारे ८०० किलोचा यांत्रिक हत्ती स्वीकारला. मोटारींवर कान, सोंड, शेपूट हलते. उत्सवासाठी तो ठीक. पण नाटकात समोरचा नट वाक्य विसरला, गायकाने तान लांबवली, तर मोटार थांबत नाही. आत माणूस असलेला हत्ती थांबतो, कान टवकारतो, सोंड पुढे करतो. संगीत नाटकात, जिथे 'वन्स मोअर'ची सवय आहे, तिथे हा फरक फार मोठा आहे.

कोल्हापुरात काय आहे, काय नाही?

हाताला काम येणारी माणसे आहेत. वेत-बांबू वाकवणारे बुरूड आहेत, उद्यमनगरात धातूचा सुटा भाग बनवून देणारे कारखाने आहेत, गणपतीचे मोठे सांगाडे उभारणारे मूर्तिकार आहेत. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी याच शहरात चित्रपटाचा कॅमेरा स्वतः बनवून घेतला होता. घाट उतरून गेले की कुडाळजवळचे पिंगुळी. तिथे ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्यांची परंपरा जपली आहे आणि परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये त्यासाठी पद्मश्री जाहीर झाली. दोरीवरची हातभर बाहुली आणि चार माणसांचा हत्ती यांचे तंत्र वेगळे, हे खरे. पण निर्जीव वस्तूकडे प्रेक्षकाची नजर कशी वळवायची, हे त्यांना शिकवावे लागणार नाही.

नाही ती तालमीची मुभा. व्यावसायिक मराठी नाटक महिना-दीड महिन्यात उभे राहते. एकाच जनावराच्या आत चार जणांचा श्वास जुळायला त्याहून जास्त वेळ लागेल आणि तेवढे दिवस त्यांना मानधन द्यावे लागेल. माझ्या मते खरा खर्च इथे आहे, सांगाड्यात नाही. अनुदान मागायचे तर याच्यासाठी मागावे. शिवाय आत वाकून चालणाऱ्यांची पाठ आणि गुडघे जातात, त्यामुळे बदली संचही हवा. आणि दौऱ्याची बस? हत्ती सुटा होऊन तिच्यात मावला पाहिजे, नाहीतर तो एकाच गावाचा होऊन बसेल.

नाट्यगृहाचे काय?

शाहू महाराजांनी बांधलेले १९१५ चे पॅलेस थिएटर, म्हणजेच संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. ही आग विसरून बाहुलीचा विचार करता येणार नाही. वेत, कापड, फोम ही सगळी भडकणारी सामग्री. त्यावर अग्निरोधक लेप, ती ठेवायला रंगमंचापासून वेगळी खोली, आत अडकलेल्या माणसाला झटकन बाहेर पडता येईल अशी रचना, एवढे तरी लागेलच.

वास्तू पूर्वी होती तशीच उभी राहावी, हा कोल्हापूरकरांचा आग्रह रास्त आहे. दर्शनी बाजूला धक्का न लावता आतल्या सोयी मात्र मागता येतील : रंगमंचावर मोकळी उंची किती, विंगांची रुंदी किती, मागच्या बाजूचे सामान उतरवायचे दार केवढे. दहा फुटी हत्ती त्या दारातून आत येईल का, हे नकाशावर आजच मोजता येते.