बॅकअप आहे, पण तो उघडतो का?

माननीय कुलगुरू,
विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ, ज्ञानसंगम, मच्छे, बेळगाव



मी तुमचा शेजारी. मच्छे औद्योगिक वसाहतीत माझं छोटं मशीन शॉप आहे. फौंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही टर्निंग-बोरिंग करून देतो.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी ऑफिसातल्या संगणकावरची एकही फाइल उघडेना. पडद्यावर खंडणीची मागणी. बॅकअपची हार्ड डिस्क होती, पण कायम त्याच संगणकाला जोडलेली. तीही कुलूपबंद झाली. कपाटातल्या पेनड्राइव्हवरचा टॅलीचा बॅकअप रिस्टोअर झाला नाही. तो चालतो का, हे आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. हिशेब बिलांवरून पुन्हा भरला, ड्रॉइंगं गिऱ्हाइकांकडून मागवली. पण मशीनमध्ये चालू जॉबचेच प्रोग्राम होते. कारागिरांनी पंधरा वर्षं घासूनपुसून बसवलेले बाकीचे गेले. ते कुणाकडे मागायचे?

मोठ्यांचंही असंच होतं. जून 2017 मध्ये नॉटपेट्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीला गाठलं, तेव्हा न्हावा शेवा बंदरातलं त्यांचं टर्मिनलही ठप्प झालं. जगभरच्या नेटवर्कची चावी ठेवणारे त्यांचे सर्व्हर एकमेकांचीच प्रत होते, म्हणून सगळे एकदम गेले. घानातला एक तेवढा वाचला, कारण तिथली लाईट गेली होती.

आता मी दोन डिस्क आलटूनपालटून वापरतो. काम झालं की काढायची, एक घरी न्यायची. तिसरी प्रत क्लाउडवर, तीही जुन्या आवृत्त्या जपणारी. नुसतं सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, बिघडलेली फाइल तिकडेही बिघडूनच पोचते. सीएनसीचे पॅरामीटर वेगळे उतरवून ठेवतो. अनेक मशीनमध्ये ते बॅटरीवर जगतात, बॅटरी संपली की पुसले जातात. हे मला ठेच लागल्यावर कळलं. उद्यमबाग, मच्छेतल्या कितीतरी मालकांना विचारा, ‘बॅकअप हाय की’ म्हणतील. रिस्टोअर करून पाहिलेला क्वचितच भेटेल.

म्हणून विनंती. तुमच्या संगणक शाखेच्या विद्यार्थ्यांना इंटर्नशिप करावीच लागते. त्यातले दोघे-दोघे आमच्या कारखान्यांत पाठवा. त्यांनी मालकाला आधी एकच विचारावं : किती तासांचं काम गेलं तर चालेल? पद्धत त्यावरून ठरते. एक दिवस चालणार असेल तर रात्रीची प्रत पुरे, एक तासही चालणार नसेल तर खर्च वाढतो. मग रिकाम्या संगणकावर बॅकअप उतरवून, घड्याळ लावून पाहावं, आणि काय आलं, काय नाही, ते मराठी आणि कन्नड दोन्हीत एका पानावर लिहून द्यावं.

गिऱ्हाइकाची ड्रॉइंगं बाहेर जातील ही भीती मालकांना वाटेल, आणि ती रास्त आहे. त्यामुळे चाचणी कारखान्यातच, कारखान्याच्याच संगणकावर व्हावी. विद्यार्थ्यांनी पेनड्राइव्हही आणू नये.

पहिले दोघे माझ्याकडे पाठवा. एक जुना संगणक पुसून, रिकामा करून ठेवला आहे.

आपला,
मच्छेतला एक लघुउद्योजक