समुपदेशकाला विचारायला शिकवा

समुपदेशन शिकणाऱ्या मुलामुलींना पहिल्याच आठवड्यात सांगितलं जातं, की समोरच्याचं नीट ऐकून घ्यायचं, आपलं मत लादायचं नाही. सल्ला रास्तच आहे. पण ऐकायला आधी समोरच्याने बोललं पाहिजे. जे बोलायची मुभा त्याला आजवर घरात, शाळेत, दवाखान्यात कुणीच दिली नाही, ते तो अनोळखी खोलीत पहिल्या भेटीत आपणहून बोलेल, ही अपेक्षा भाबडी आहे. जात, धर्म, वस्ती, पैशाची ओढाताण, कुणावर प्रेम आहे आणि ते घरी का सांगता येत नाही, हे सगळं विचारावं लागतं. आणि विचारणं हे कौशल्य आहे. ते शिकवावं लागतं.

समजा, विदर्भातल्या एका खेड्यातून पुण्यात शिकायला आलेला मुलगा प्रशिक्षणार्थी समुपदेशिकेसमोर बसला आहे. प्रवेश राखीव जागेवर मिळालेला. रात्र रात्र झोप नाही, वर्गात तोंड उघडायचं म्हटलं की छातीत धडधडतं, घशाला कोरड पडते. समुपदेशिकेपुढचा केस हिस्टरीचा फॉर्म नाव, वय, शिक्षण, त्रास कधीपासून, घरात आधी कुणाला आजार होता का, एवढंच विचारतो. ती मन लावून भरते, निदानाच्या जागी सामाजिक चिंता असं लिहिते, श्वासाचे व्यायाम शिकवते, मनात येणाऱ्या नकारात्मक विचारांची वही ठेवायला सांगते. यातलं एकही तंत्र चुकीचं नाही. पण होस्टेलवर पहिल्याच दिवशी त्याला प्रवेश परीक्षेतला नंबर कुणी विचारला आणि कशासाठी विचारला, हे तिने विचारलेलंच नाही. मग बाहेर रोज जे घडतंय, तेच त्या वहीत त्याच्या विचारांचा दोष म्हणून नोंदलं जातं. मुलगा दोनदा येतो, तिसऱ्यांदा फिरकत नाही. फॉर्मवर शेरा पडतो, ‘क्लायंटने उपचार अर्धवट सोडले’.

प्रसंग कल्पनेतला असला तरी परिस्थिती कल्पनेतली नाही. दिल्लीच्या एम्समधल्या भेदभावाच्या तक्रारींसाठी नेमलेल्या प्रा. सुखदेव थोरात समितीने २००७ च्या अहवालात वसतिगृहापासून मूल्यमापनापर्यंत दलित-आदिवासी विद्यार्थी कसे एकटे पाडले जातात, हे नोंदवलं. २२ मे २०१९ रोजी मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांचा मृत्यू झाला. जळगावच्या, तडवी भिल्ल समाजातल्या या डॉक्टरचा जातीवरून छळ झाल्याचा आरोप आहे आणि प्रकरण न्यायालयात गेलं. अशा घटनेनंतर प्रत्येक वेळी मागणी होते ती कॉलेजात समुपदेशक नेमा. त्या समुपदेशकाला जातीबद्दल विचारता येतं का, हे मात्र कुणी पाहत नाही.

खरं तर महाराष्ट्रात जात न विचारताही खोलीत आलेली असते. आडनाव ऐकलं की गाव, पोटजात, आहार यांचे अंदाज सुरू होतात आणि समुपदेशक त्याला अपवाद नाही. क्लायंटही दारावरची पाटी वाचूनच आत येतो आणि किती बोलायचं ते तिथेच ठरवतो. दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट दोघंही टाळतात, आणि याला व्यावसायिक तटस्थता म्हटलं जातं. ती तटस्थता नव्हे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा लिंग, लैंगिक कल, धर्म, संस्कृती, जात, वर्ग, अपंगत्व अशा कुठल्याही कारणावरून उपचारांत भेदभाव करायला मनाई करतो. प्रशिक्षणार्थीला या कायद्याचं नाव पाठ असतं. खोलीत तो पाळायचा कसा, याचा सराव कुठे होतो?

निदान प्रश्न तरी तयार आहेत. तैवानमध्ये संशोधन केलेले मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९७० च्या दशकातच साधे प्रश्न सुचवले होते. हा त्रास कशामुळे झाला असं तुम्हाला वाटतं, तो तेव्हाच का सुरू झाला, त्यात सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते, कोणत्या उपायाने बरं वाटेल, अशा धर्तीचे. अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञ संघटनेने २०१३ च्या निदान-पुस्तिकेत अशाच सोळा प्रश्नांची मुलाखत घातली. हे प्रश्न आपल्याकडे विचारले, की एखादी बाई ‘बाहेरचं काहीतरी झालंय’ असं उत्तर देणारच. इथे प्रशिक्षणार्थीची खरी कसोटी लागते. हसलं तर बाई पुन्हा येणार नाही. मान डोलावली तर ती उद्या मार खायला मांत्रिकाकडे जाईल. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने ही रेघ नेमकी आखून दिली आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं हा गुन्हा. प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन यांना कायद्याने हात लावलेला नाही. समुपदेशनाच्या वर्गात हा कायदा वाचायला हवा. श्रद्धेचा मान राखून इजा कशी रोखायची, याचा इतका स्पष्ट नमुना परदेशी पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.

विचारायचं तर आधी आपल्याला कळत नाही हे कबूल करावं लागतं. न कळणं हा कमीपणा नाही, हे एका न्यायमूर्तींनी दाखवून दिलं. घरच्यांच्या विरोधामुळे चेन्नईत आलेल्या, एकमेकींवर प्रेम करणाऱ्या दोन तरुणींची याचिका २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात न्या. एन. आनंद वेंकटेश यांच्यापुढे आली. या विषयाची आपली समज अपुरी आहे, हे त्यांनी उघड मान्य केलं आणि पुढचा आदेश देण्याआधी स्वतः एका समुपदेशक मानसशास्त्रज्ञांकडे सत्र घेतलं. त्यानंतर ७ जूनच्या आदेशात लैंगिक कल ‘बदलण्याच्या’ वैद्यकीय प्रयत्नांना मनाई झाली, याच प्रकरणातल्या पुढच्या आदेशांतून वैद्यकीय अभ्यासक्रम सुधारण्याची दिशाही मिळाली. पण अभ्यासक्रमातली सुधारणा टिकवावीही लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नव्या मार्गदर्शक सूचनांत समलैंगिक संबंध पुन्हा अनैसर्गिक गुन्ह्यांच्या यादीत छापले गेले. आरडाओरड झाल्यावर काही दिवसांत त्या सूचना मागे घ्याव्या लागल्या.

हे सगळं विचारायला शिकवण्यावर एक आक्षेप ठरलेला असतो, की समुपदेशनात राजकारण कशाला. दुसरा जास्त विचार करण्यासारखा आहे. संस्कृतीचं भान म्हणता म्हणता प्रशिक्षणार्थी ‘मुस्लिम बायका अशा असतात’, ‘आदिवासी असे असतात’ अशी साचेबंद यादी पाठ करतील. हा धोका खरा आहे. एकाच समाजातल्या दोन मुलींपैकी एकीला आपल्यातलीच समुपदेशक हवी असते, दुसरीला तीच नको असते, कारण बातमी गावी पोचेल. म्हणून पाठांतर नको, विचारणं हवं.

आणि हे शिकवता येतं याचा दाखला शेजारीच, गोव्यात आहे. ‘संगात’ या संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, स्थानिक भाषा बोलणाऱ्या माणसांना समुपदेशक म्हणून तयार केलं आणि नैराश्याच्या रुग्णांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांतून सहा ते आठ भेटींचा कार्यक्रम चालवला. ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून सावरले होते, नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात ३९ टक्के. यात बारकाईने पाहण्यासारखी गोष्ट देखरेखीची आहे. भेटींचं ध्वनिमुद्रण समुपदेशक एकत्र बसून ऐकत आणि ठरलेल्या मोजपट्टीवर एकमेकांना गुण देत. कुठे घाईने सल्ला दिला गेला, कुठे प्रश्न राहून गेला, हे सोबतच्या चौघांसमोर ऐकू येतं, तेव्हा पुढच्या भेटीत तो प्रश्न विसरला जात नाही. महाराष्ट्रातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांनी हीच पद्धत उचलावी आणि मोजपट्टीत एक रकाना वाढवावा: समोरच्या माणसाचं घर, जात, भाषा, श्रद्धा, पैसा यांबद्दल विचारलं का आणि कसं विचारलं? त्याला परीक्षेत गुण ठेवावेत.

संधी आत्ताच आहे. २०२१ च्या सहयोगी आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याने मानसिक आरोग्य क्षेत्रातल्या मनुष्यबळाला नियमनाच्या कक्षेत आणलं. त्यापाठोपाठ २०२५ मध्ये यूजीसीने मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम थांबवले. म्हणजे आता प्रत्यक्ष सराव, प्रत्यक्ष इंटर्नशिप. पण कित्येक ठिकाणी इंटर्नशिप बिनपगारी असते, सुपरविजनचे पैसे वेगळे मोजावे लागतात, आणि चर्चा चालते इंग्रजीत. मराठीतून रडलेल्या बाईची केस दुसऱ्या दिवशी इंग्रजीतून मांडताना निम्मी गळून जाते. ज्या घरांत दोन वर्षं बिनपगारी काम करणं परवडत नाही, तिथली मुलं या व्यवसायाच्या दारातूनच परत फिरतात, आणि खुर्चीच्या पलीकडे बसणाऱ्यांचं जग माहीत असलेले समुपदेशक तयारच होत नाहीत. राज्यातल्या विद्यापीठांनी समुपदेशनाच्या इंटर्नशिपला विद्यावेतन द्यावं आणि मराठीतून सुपरविजन करू शकणारी माणसं पगारावर नेमावीत.